जनुक शाबूत, मांडणी उलटी

1984 साली फॅक्टर आठचं जनुक शास्त्रज्ञांच्या हाती लागलं, तेव्हा हिमोफिलियाचा उलगडा आता फार लांब नाही, असं वाटण्याजोगी परिस्थिती होती. रक्त गोठण्यासाठी लागणारं हे प्रथिन ज्या जनुकावरून तयार होतं, ते एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे. त्यात सुमारे 1 लाख 86 हजार अक्षरं आहेत आणि प्रथिनाचा प्रत्यक्ष मजकूर त्यात 26 तुकड्यांत विखुरलेला आहे. रुग्णाच्या या 26 तुकड्यांत चूक कुठे आहे ती शोधायची, एवढंच काम उरलं होतं. 1991 मध्ये ते झालं. सौम्य आणि मध्यम आजाराच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत चूक सापडली. तीव्र आजाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांत मात्र काहीच सापडेना. ज्यांच्या रक्तात फॅक्टर आठ जवळपास शून्य, ज्यांचे गुडघे आणि कोपरं पुन्हा पुन्हा रक्ताने भरतात, त्यांचंच जनुक अक्षरन् अक्षर बरोबर निघालं.

पुढच्या वर्षी लंडनच्या संशोधकांनी जनुकाऐवजी जनुकावरून निघणारा संदेश तपासला. या रुग्णांत पहिल्यापासून बाविसाव्या तुकड्यापर्यंतचा संदेश मिळत होता, तेविसाव्यापासून सव्विसाव्यापर्यंतचाही मिळत होता. बावीस आणि तेवीस यांना जोडणारा मात्र कुठेच नव्हता. 1993 मध्ये कारण कळलं. बाविसाव्या तुकड्यानंतरच्या मोकळ्या जागेत साडेनऊ हजार अक्षरांचा एक पट्टा आहे. त्याच्या दोन जवळजवळ हुबेहूब प्रती जनुकाच्या बाहेर, गुणसूत्राच्या टोकाकडे, काही लाख अक्षरं पलीकडे बसलेल्या आहेत. आतला पट्टा बाहेरच्या उलट्या दिशेच्या पट्ट्याशी जुळतो, तिथे अदलाबदल होते आणि मधला सुमारे पाच लाख अक्षरांचा भाग सबंधच्या सबंध उलटा होतो. जनुकाचे पहिले बावीस तुकडे एकीकडे तोंड फिरवून बसतात, उरलेले चार जागच्या जागी राहतात. हरवलं काहीच नाही, एकही अक्षर बदललं नाही, आणि तरी जनुक निकामी झालं.

तीस वर्षांहून जुनी ही हकीकत पुन्हा सांगायचं कारण असं, की तिच्यातून निघणारी गोष्ट आपल्या दवाखान्यांत, प्रयोगशाळांत आणि घरांत अजून उतरलेली नाही. आनुवंशिक आजाराबद्दल आपण बोलतो ते 'जनुकात दोष आहे का' एवढ्याच चौकटीत. जनुक कोणत्या जागी आहे, कोणत्या दिशेने आहे, त्याच्या प्रती किती आहेत, शेजारी काय आहे, यांवरही त्याचं काम ठरतं. हे न तपासता दिलेला 'नॉर्मल' रिपोर्ट अर्धवट असतो. माझं म्हणणं असं आहे, की गुणसूत्रांची ही मांडणी वाचणारी तपासणी मोठ्या शहरातल्या संशोधनापुरती ठेवता कामा नये. काही आजारांत ती सर्वांत आधी, सर्वांत कमी खर्चात आणि तालुक्याच्या गावातल्या कुटुंबासाठीसुद्धा व्हायला हवी.

धावडा हे जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुक्याच्या उत्तरेकडचं गाव. अजिंठ्याचे डोंगर जवळ, बुलढाण्याची हद्दही जवळ. मोठं दुखणं निघालं की इथला माणूस भोकरदनला जातो, तिथून जालन्याला नाहीतर सिल्लोडवरून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात. अशा गावात तीव्र हिमोफिलियाचं मूल जन्मलं की काय होतं, ते या आजाराची कुटुंबं ओळखतात. मूल रांगायला लागतं आणि गुडघ्यांवर, कोपरांवर काळेनिळे डाग दिसू लागतात. चालायला लागल्यावर एक दिवस गुडघा गरम होतो, ताठरतो, त्वचा तुकतुकीत होते. मूल पाय लांब करत नाही, पोटाशी घेऊन रडत राहतं. पडल्याचं कुणाला आठवत नाही. घरातली वडीलधारी माणसं मायेपोटी तेल-हळद लावून चोळतात, आणि चोळण्याने सांध्यातला रक्तस्राव आणखी वाढतो. कधी दात पडल्यावर दोन-दोन दिवस रक्त थांबत नाही, कधी लसीच्या इंजेक्शननंतर मांडी सुजते. मग कुणीतरी डॉक्टर एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी, करायला सांगतात, तो वेळ लांबलेला येतो, पुढे फॅक्टर आठ मोजला जातो आणि तो एक टक्क्याहून कमी भरतो.

त्यानंतर घर फॅक्टरची कुपी ओळखायला शिकतं. पांढरी भुकटी, सोबतचं पाणी. पाणी घातल्यावर कुपी जोरात हलवायची नाही, तळहातात हळूहळू फिरवायची, फेस येऊ द्यायचा नाही, मग शिरेतून सावकाश द्यायचं. शाळेत जेमतेम गेलेली आईदेखील हे इतक्या नेटकेपणाने करते, की नवख्या नर्सने बघून शिकावं. पण या सगळ्याच्या आधी घरात एक प्रश्न उभा राहिलेला असतो: हे आलं कुठून? आणि त्याचं उत्तरही तयार असतं. 'आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. हे हिच्या माहेरचं.' मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळतं, हे कुणीतरी अर्धवट सांगितलेलं असतं, आणि त्या अर्ध्या शास्त्रावर पूर्ण निवाडा होतो. सुनेचा पायगुण, तिच्या भावाबहिणींच्या सोयरिकी, दुसऱ्या लग्नाची कुजबुज, सगळं त्या एका वाक्यावर उभं राहतं.

इथे मांडणीचं शास्त्र जे सांगतं ते मराठवाड्यातल्या प्रत्येक आशाताईला, प्रत्येक एएनएमला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. बाविसाव्या तुकड्यानंतरची ही उलथापालथ जवळजवळ फक्त पुरुषाच्या बीजपेशी तयार होताना घडते. 1994 मध्ये अनेक देशांतल्या कुटुंबांचा अभ्यास करून हे दाखवलं गेलं. कारणही समजण्याजोगं आहे. स्त्रीमध्ये दोन एक्स गुणसूत्रं असतात. अंडपेशी घडताना ती एकमेकांना टोकापासून टोकापर्यंत जुळून बसतात. पुरुषाचं एक्स मात्र एकटं असतं. वायशी त्याची जोडी फक्त दोन्ही टोकांच्या लहानशा भागात जमते, आणि उरलेलं मोकळं गुणसूत्र स्वतःवरच दुमडू शकतं. दुमडलं की आतला पट्टा बाहेरच्या पट्ट्याशी गाठ घालतो. म्हणून उलट मांडणी असलेल्या मुलाची आई जवळजवळ नेहमीच वाहक असते. पण ज्या घरात यापूर्वी हा आजार कधी दिसला नव्हता, तिथे ती मांडणी बहुतेक वेळा त्या आईच्या वडिलांच्या, म्हणजे मुलाच्या आजोबांच्या, शुक्रपेशीत प्रथम उलटलेली असते. आजोबा स्वतः निरोगी. त्यांच्या रक्ताची तपासणी केली तर तीही निर्दोष येईल, कारण उलथापालथ त्यांच्या कोट्यवधी शुक्रपेशींपैकी एखादीतच झाली. कुणाच्या आहाराने, वागणुकीने, नवसाने किंवा पापाने ती झाली नाही. तशी ती कुणाच्याही घरात होऊ शकते, उच्चकुलीन म्हणवणाऱ्यांच्याही.

म्हणजे दोष सुनेवरून उचलून तिच्या बापाच्या माथी मारायचा, असा याचा अर्थ नाही. दोष शोधण्याची सवयच चुकीची आहे. पेशी विभागताना गुणसूत्रांचे तुकडे हलतात, हा जिवंत असण्याचाच एक भाग आहे, आणि त्याच हालचालीतून माणसाच्या वाट्याला काही उपयोगी गोष्टीही आल्या आहेत. 'मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून हे झालं' हा दुसरा समजही हिमोफिलियाच्या बाबतीत चूक आहे. एक्सवरच्या या आजाराला नात्यातलं लग्न कारणीभूत ठरत नाही. ज्या आजारांत दोन्ही बाजूंनी तोच बदल यावा लागतो, त्यांत ते कारणीभूत ठरतं, आणि त्याचं एक उदाहरण आपल्याच मुंबईचं आहे.

1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. साध्या तपासणीत ओ वाटणारं, पण ओ गटाचंही रक्त न चालणारं हे रक्त. ए, बी आणि ओ या तिन्ही गटांच्या मुळाशी जो एच नावाचा पदार्थ असतो, तोच या लोकांच्या तांबड्या पेशींवर नव्हता. जगभर तो बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो, आणि महाराष्ट्रातल्या रक्तपेढ्यांना आजही अधूनमधून त्याच्या दात्यासाठी धावाधाव करावी लागते. 1997 मध्ये त्याचं जनुकीय कारण समोर आलं. एकोणिसाव्या गुणसूत्रावर एच घडवणारी दोन जनुकं शेजारी शेजारी आहेत. पहिलं तांबड्या पेशींसाठी काम करतं, दुसरं लाळेसारख्या स्रावांसाठी. भारतीय बॉम्बे गटात पहिल्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. दुसरं जनुक सबंध गायब असतं. सुमारे दहा हजार अक्षरांचा तुकडा गळून पडलेला, त्याच्यासोबत जनुकही गेलेलं. दोन्ही बदल इतके जवळ आहेत की पिढ्यान् पिढ्या ते एकत्रच पुढे जातात. आईवडील दोघांकडूनही तो जोड आला, तरच मूल बॉम्बे गटाचं होतं, आणि नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत ही शक्यता वाढते. मुंबईच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या या गटात सुट्या अक्षराची चूक आणि गायब तुकडा अशा दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. यायला हवं.

तुकडा गळणं, तुकड्याच्या जादा प्रती होणं, तुकडा उलटा होणं, तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला जाऊन चिकटणं: पन्नास अक्षरांहून मोठ्या अशा बदलांना शास्त्रात रचनेतले बदल म्हणतात. कोणत्याही माणसाचा डीएनए प्रमाण मानलेल्या प्रतीशी ताडून बघितला, तर असे वीस हजारांहून जास्त बदल सापडतात. सुटी अक्षरं बदललेली ठिकाणं संख्येने कितीतरी अधिक असतात, पण एकूण किती अक्षरांवर परिणाम झाला हे मोजलं तर पारडं रचनेतल्या बदलांकडे झुकतं. जनुकांच्या सक्रियतेचा ऊतींनुसार अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या जीटेक्स प्रकल्पातून 2017 मध्ये दिसलं, की रचनेतला एकेक बदल जनुकाचं काम वाढवण्या-घटवण्यात सुट्या अक्षराच्या बदलापेक्षा सरासरीने जास्त जोर लावतो. यातले बहुतेक बदल निरुपद्रवी आहेत, हेही तितकंच खरं. लाळेतला अमायलेज घडवणारं जनुक घ्या. कुणाकडे त्याच्या दोन प्रती, कुणाकडे दहाहून जास्त. प्रती जास्त तितकं अमायलेज जास्त. ज्वारी-बाजरीच्या भाकरीतला स्टार्च तोंडातच फुटायला सुरुवात होते ती याच विकरामुळे, आणि स्टार्चवर जगणाऱ्या समाजांत या प्रती सरासरीने जास्त असल्याचं 2007 मध्ये आढळलं. सातपुड्यातल्या आणि विदर्भातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलसोबत अल्फा ग्लोबिनचा 3.7 हजार अक्षरांचा तुकडा गळाल्याचंही अनेकांत दिसतं. त्यामुळे दोन शेजारी जनुकांचं एकच होतं, अल्फा साखळी कमी बनते आणि सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी कमी फुटतात. एका जनुकाची तूट दुसऱ्या जनुकाचा दाह कमी करते. सिंधी कुटुंबांतल्या बीटा थॅलेसेमियात मात्र 619 अक्षरांचा तुकडा गळणं हे आजाराचंच एक ठळक कारण आहे. तूट चांगली की वाईट, हे तुटलेला तुकडा कोणता आणि सोबत दुसरं काय आहे, त्यावर ठरतं.

या सगळ्यात मला सर्वांत विचार करायला लावणारा प्रकार वेगळाच वाटतो: जनुकाला धक्काही लागत नाही आणि तरी त्याचं काम बदलतं. शेताशेतांमधल्या बांधासारख्या हद्दी गुणसूत्रावर असतात. सीटीसीएफ नावाचं प्रथिन जागोजागी बसून डीएनएचे फेरे बांधतं, आणि एका फेऱ्यातला स्विच त्याच फेऱ्यातल्या जनुकाला चालू-बंद करतो. बांध फुटला की एका विहिरीचं पाणी दुसऱ्याच्या वावरात शिरतं, तसं हद्दीचा तुकडा गळाला किंवा उलटला की एका जनुकाचा स्विच शेजारच्या जनुकाला चालवू लागतो. 2015 मध्ये बर्लिनच्या स्टेफान मुंडलोस यांच्या गटाने बोटं आखूड असलेल्या, जुळलेल्या किंवा जादा असलेल्या कुटुंबांचा अभ्यास करून हेच दाखवलं. हातापायांच्या वाढीचे स्विच चुकीच्या जनुकांकडे वळले होते. उंदरांत तेच बदल घडवले, तर उंदरांच्या बोटांतही तशीच गडबड झाली. त्या कुटुंबांच्या जनुकांचा मजकूर तपासून कितीही वेळ घालवला असता, तरी हाती काही लागलं नसतं.

तुकडे चुकीच्या ठिकाणी जोडले जाण्याचं उदाहरण आपल्याकडे जास्त परिचयाचं आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत एक गुणसूत्र आखूड दिसतं, हे 1960 मध्ये फिलाडेल्फियात कळलं. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी तुकडे बदलून घेतल्याचं 1973 मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. त्या सांध्यावर तयार होणारं जोडजनुक सतत चालूच राहतं, आणि ते बंद पाडणारी इमॅटिनिब ही गोळी 2001 मध्ये आली. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या ज्या रूपाचा पेटंटदावा फेटाळला, त्यामुळे भारतात तिची स्वस्त आवृत्ती मिळत राहिली. टाटा हॉस्पिटलच्या ओपीडीत वर्षानुवर्षं रोज एक गोळी घेऊन शेती-नोकरी सांभाळणारी माणसं भेटतात. रचनेतला दोष ओळखता आला म्हणून त्यावरचं औषध शोधता आलं.

मग आपण मांडणी वाचतो का? सूक्ष्मदर्शकाखाली वाचतो, पण थोडीशीच. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी रक्त हिरव्या झाकणाच्या हेपरिन नळीत घ्यावं लागतं, प्रयोगशाळेत पेशी सुमारे तीन दिवस वाढवाव्या लागतात, विभागत असताना त्या थांबवून गिम्साने रंगवाव्या लागतात. मगच 46 गुणसूत्रांचे पट्टे दिसतात. डाउन सिंड्रोमचं जादा एकविसावं गुणसूत्र त्यात लगेच दिसतं, मोठी अदलाबदलही दिसते. पण काही दशलक्ष अक्षरांहून लहान काहीही त्यातून निसटतं. हिमोफिलियाची पाच लाख अक्षरांची उलथापालथ तिथे दिसत नाही. आणि आता सगळीकडे बोलबाला असलेली जनुकवाचनाची पद्धतही इथे तोकडी पडते. ती डीएनए दीडशे-दीडशे अक्षरांच्या तुकड्यांत वाचून संगणकावर जुळवते. उलथापालथ घडवणारे पट्टे साडेनऊ हजार अक्षरांचे आणि जवळजवळ सारखे. दीडशे अक्षरांचा तुकडा त्यातल्या कोणत्या प्रतीतला, हे संगणकाला ठरवताच येत नाही. म्हणून भरमसाट पैसे मोजून सगळी जनुकं वाचून घेतलेल्या मुलाचा रिपोर्टही 'नॉर्मल' येऊ शकतो. 2020 मध्ये सुरू झालेल्या जीनोमइंडिया प्रकल्पाने 83 लोकसमूहांतल्या दहा हजारांवर भारतीयांचे जीनोम वाचले, जानेवारी 2025 मध्ये त्यांचा डेटा फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांसाठी खुला झाला. हे मोठं काम आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण तेही आखूड तुकड्यांच्या वाचनावर उभं आहे. मानवी जीनोम टोकापासून टोकापर्यंत पूर्ण वाचला गेला तो 2022 मध्ये, दहा-दहा हजार आणि त्याहून लांब तुकडे एकसलग वाचणाऱ्या यंत्रांमुळे. भारतीयांच्या गुणसूत्रांची मांडणी तशा पद्धतीने वाचण्याचा टप्पा पुढे येणार असेल, तर त्यात मराठवाड्यातली, खानदेशातली, विदर्भातली कुटुंबं असलीच पाहिजेत. दुसऱ्या देशाच्या प्रमाण प्रतीशी ताडून आपला डीएनए वाचत राहिलो, तर आपल्याकडेच आढळणारे तुकडे आपल्याला कायमचे अनोळखी राहतील.

यावर जिल्ह्याच्या डॉक्टरांचा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो रास्त आहे. फॅक्टर आठ शून्य आहे हे कळलं, फॅक्टर द्यायचा हे ठरलं. मांडणी उलटी आहे की अक्षर चुकलं आहे, याने उपचारात काय फरक पडतो? आधीच औषधाचा साठा अपुरा, त्यात आणखी एका तपासणीचा खर्च कशाला?

फरक पडतो. फॅक्टर देऊ लागल्यावर काही रुग्णांचं शरीर त्यालाच परकं समजून त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं आणि महागडं औषध निकामी होतं. हा धोका कोणत्या प्रकारच्या बदलाने आजार झाला आहे यावर बराच अवलंबून असतो. जनुकाचे मोठे तुकडे गळालेल्या रुग्णांत तो सर्वाधिक. उलट्या मांडणीच्या रुग्णांत त्याहून पुष्कळ कमी. याचं एक संभाव्य स्पष्टीकरण असं दिलं गेलं आहे, की उलटलेलं जनुक निम्मं निम्मं का होईना बोलत राहतं, त्याचे तुकडे पेशींच्या आत तयार होतात आणि शरीराला ते अगदीच अपरिचित राहत नाहीत. खर्चाचा मुद्दा तर उलट बाजूने जातो. तीव्र हिमोफिलियाच्या चाळीसेक टक्के कुटुंबांत हीच एक उलथापालथ असते. आधी ती तपासली आणि सापडली, तर 26 तुकडे वाचत बसण्याची गरजच उरत नाही. त्यासाठी पीसीआर पुरतो, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतलं थोडं रक्त पुरतं, आणि ते रक्त बसने मुंबईला नेलं तरी चालतं. मुंबईत केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविज्ञानाची संस्था हे काम वर्षानुवर्षं करते आहे.

जालना जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 19 लाख 59 हजार होती. दर पाच हजार मुलग्यांमागे एकाला हिमोफिलिया ए, म्हणजे फॅक्टर आठच्या कमतरतेचा हा हिमोफिलिया, होतो हे प्रमाण धरलं, तर एकट्या जालन्यात दोनशेच्या आसपास रुग्ण असायला हवेत आणि त्यात तीस-चाळीस घरं उलट्या मांडणीची. हा अंदाजच आहे, मोजणी नव्हे. पण प्रत्येक घरात एक आई, बहुधा एकदोन मावश्या, एकदोन बहिणी. यांच्यापैकी वाहक कोण, हे फॅक्टर आठ मोजून खात्रीने सांगता येत नाही. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो, कोणता बंद पडेल ते योगायोगाने ठरतं, आणि म्हणून वाहक स्त्रीची पातळी कधी पूर्ण नॉर्मल तर कधी रुग्णाइतकी कमी निघते. तिच्याबाबतीत उत्तर फक्त डीएनए देऊ शकतो. घरातल्या एका मुलाची मांडणी एकदा वाचली, की पुढे त्याच्या मावशीला आणि बहिणीला तीच एक नेमकी तपासणी पुरते. मुलाच्या उपचारासाठी कदाचित थांबता येईल. या बायकांसाठी मात्र ही तपासणीच सगळं ठरवते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे आणि मराठवाड्यात तो टाळून पुढे जाता येणार नाही. गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी म्हटली, की आपल्या डोळ्यांसमोर मुलींच्या गर्भांची कत्तल येते. 2011 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे फक्त 807 मुली होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच 1988 मध्ये केला, तो काही उगीच नाही. मग एक्सवरच्या आजाराची, म्हणजे मुलगा की मुलगी हे कळावंच लागेल अशी तपासणी, गावागावांत नेण्याची भाषा का करायची?

कारण 1994 च्या केंद्रीय कायद्याने याचा विचार केलेला आहे. गुणसूत्रांचे दोष, हिमोग्लोबिनचे आजार, लिंगाशी निगडित आनुवंशिक आजार यांच्यासाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणीची मुभा आहे आणि गर्भाचं लिंग कुटुंबाला सांगण्यावर बंदी आहे. अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास घेतलेल्या नमुन्यात प्रयोगशाळा आपल्यापुरती बघते, गरज असेल तरच पुढची तपासणी करते, आणि कुटुंबाला उत्तर मिळतं ते आजाराबद्दल. गुन्हेगारांनी सोनोग्राफीचा गैरवापर केला म्हणून वाहक आईला तिच्या हक्काच्या तपासणीपासून लांब ठेवणं, हे त्या गुन्ह्याची किंमत पुन्हा बाईकडूनच वसूल करणं आहे. माझा आग्रह उलट असा आहे, की गर्भाची तपासणी मोजक्या, कडक देखरेखीच्या केंद्रांतच राहावी. गावाजवळ यायला हवी ती वाहक ओळखण्याची तपासणी आणि समुपदेशन, ते लग्नाआधी नाहीतर निदान पहिल्या बाळंतपणाआधी. आजार निघाला तर मूल ठेवायचं की नाही, हा निर्णय त्या नवरा-बायकोचा. आठवड्याला किंवा महिन्याला त्वचेखाली घेण्याचं औषध आता उपलब्ध आहे. डिसेंबर 2024 मध्ये वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाने पाच रुग्णांच्या रक्तमूलपेशींत फॅक्टर आठचं जनुक, रक्तपेशींत चालेल अशा स्विचसह, घालून त्यांचे रक्तस्राव थांबवल्याचं प्रसिद्ध झालं आहे. त्यांनी मूळचं उलटलेलं जनुक सरळ केलेलं नाही. चालतं जनुक योग्य स्विचसह दुसरीकडे बसवलं. म्हणून आजच्या निर्णयात पुढच्या वीस वर्षांची आशाही धरावी लागते, आणि ती कुणीतरी बसून समजावून सांगावी लागते.

हे करायला आता जागाही आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात जालना आणि बुलढाणा दोन्ही आहेत. धावडा या दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेजवळ. तिथल्या विकृतिशास्त्र विभागात फॅक्टरची मोजणी आणि एका उलथापालथीचा पीसीआर सुरू करणं अवघड नाही. वैद्यकीय शिक्षणात गुणसूत्रांची रचना हा विषय परीक्षेपुरता पाठ करून सोडण्याऐवजी त्या विद्यार्थ्यांनी आपल्याच तालुक्यातल्या एका कुटुंबाची वंशावळ काढावी, आजोबांपासून. मग त्यांना कळेल की एका गुणसूत्राचा दुमडलेला भाग तीन पिढ्यांची सोयरीक कशी ठरवतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी येणाऱ्या कुटुंबाची आनुवंशिक तपासणी त्याच वेळी सुचवता येईल, निराळी फेरी नको.

यात एक काळजी मात्र घ्यायला हवी. रुग्ण मुलाची बहीण लहान असेल, तर तिची वाहक-तपासणी घाईने करून तिच्या कपाळी शिक्का मारू नये. ती तपासणी ती स्वतः समजून होकार देईल तेव्हा व्हावी, आणि तिचा निकाल पहिल्यांदा तिलाच सांगावा, भावी सासरला नव्हे. पण तिची फॅक्टर आठची पातळी लहानपणीच मोजून ठेवावी. वाहक मुलींपैकी काहींची पातळी इतकी खाली असते की दात काढताना, पाळी सुरू झाल्यावर किंवा बाळंतपणात त्यांना जास्त रक्तस्राव होतो, आणि 'बाईला हिमोफिलिया होत नाही' म्हणून तो वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो.